पितळेचा फर्मा

रोह्याच्या कारखान्याची जीप आली की हैबतरावांचा चेहरा खुलायचा आणि चंद्रावतीच्या कपाळाला आठी पडायची. आठीला कारण होतं. ती जीप पेणला नवीन काम घेऊन यायची, आणि येताना जुनं काम परतही आणून टाकायची. त्या दिवशी दिनानाथ साहेब उतरले, मागचं फळकं पाडलं आणि गोणपाटात गुंडाळलेला इम्पेलर ड्रायव्हरकडून भट्टीच्या दारात ठेवून घेतला. इम्पेलर म्हणजे पंपाच्या पोटात फिरणारा पंखा. पाणी ढकलायचं काम त्याचं. हा पितळेचा, याच भट्टीत ओतलेला. गणपतीत गेला होता, होळीला परत आला.

"बाई, पुन्हा गेला," दिनानाथ म्हणाले. "मुंबईचं हापिस म्हणतं, पेणचं ओतकाम कच्चं."

चंद्रावतीने गोणपाट सोडलं. पात्यांच्या कडा उंदराने कुरतडाव्यात तशा झाल्या होत्या. एका पात्यावर तिने नख दाबलं, तर तांबूस भुकटी नखात आली. पितळ पिवळं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे आतून लाल पडलं होतं, आणि विटकरीसारखं ठिसूळ झालं होतं. मधल्या बुंध्यावर मात्र 'बा' हे अक्षर अजून ठसठशीत होतं. बा म्हणजे बाबाजी, तिचा बाप. ज्यावरून वाळूत साचा उठवतात त्या लाकडी फर्म्यावरच त्याने ते अक्षर कोरलेलं, म्हणून प्रत्येक ओतीवर आपसूक उठायचं.

"ओतकाम कच्चं नाय साहेब," ती म्हणाली. "धातू चुकलाय. आणि ते तुमाला माझ्यापेक्षा जास्त म्हाईत हाय."

दिनानाथांनी नजर चुकवली. माणूस वाईट नव्हता हो. शिकलेला इंजिनियर, कामाला चोख. पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं आणि मागे नुसता तांब्याचा भुसा उरतो, हे त्यांनीच तिला समजावून सांगितलं होतं. कुंडलिकेच्या खाडीतून पाणी खेचणाऱ्या पंपाला ॲल्युमिनियम ब्राँझ हवं, त्यात चिमूटभर निकेल, जहाजांचे पंखे त्याचेच असतात, हेही त्यांनीच सांगितलं. सगळं सांगून झालं की शेवटी एकच पालुपद, "पण ऑर्डरवर पितळ लिहिलंय." कुणी लिहिलं, कधी लिहिलं, देव जाणे. लिहिणाऱ्याने खाडी पाहिली नसणार एवढं नक्की.

"मग आता?" हैबतराव मधे पडले. ते चंद्रावतीचे चुलते, बाबाजींचे धाकटे भाऊ, भट्टीतले निम्मे भागीदार. "साहेब, दुसरा ओतून देतो. पितळ तर पितळ. आपल्याला काय, मोडला तर परत ऑर्डर."

"तात्या, गप ऱ्हावा," चंद्रावती म्हणाली.

हे असं चुलत्याला सगळ्यांदेखत गप्प करणं पेणात शोभतं का, असं कुणी विचारेल. नाही शोभत. पण चंद्रावती ही शोभेसाठी जन्मलेली बाई नव्हेच. बाबाजी खाडीकाठच्या गावचा. मिठागरात अनवाणी राबला, मग मुंबईच्या ओतशाळेत धूर खाल्ला, आणि शेवटी वडखळच्या रस्त्याला पत्र्याची शेड ठोकून स्वतःची भट्टी पेटवली. मुलगा नव्हता. मॅट्रिक झाल्यावर पोरीलाच त्याने मुशीपाशी उभं केलं. पुढे लग्न झालं, नवरा एसटीत ड्रायव्हर मिळाला. तो म्हणायचा, एका घरात एकच स्टिअरिंग बरं, मी गाडी हाकतो, तू भट्टी हाक. बाप गेला तेव्हापासून ती हाकत होती. आणि आता तिच्या बापाच्या अक्षरावर कुणी मुंबईत खुर्चीत बसून कच्चेपणाचा शिक्का मारत होतं. तिला राग आला होता, चांगला मस्तकात गेला होता.

"पितळ ओतणार नाय," ती म्हणाली. "ब्राँझ ओतते. एक. तुमी तो गुपचूप पंपात बसवा. पावसाळा काढला तर ऑर्डरचा कागद बदलून घ्या. नाय काढला तर मी ही भट्टी विझवते, आनि तात्या इथं गणपतीचं गोडावून करूदेत. त्यांच्या मनात कधीचं हाय."

हैबतरावांनी कानावर हात ठेवले, पण नाही म्हटलं नाही. मनात होतंच. हमरापूरच्या मूर्ती मुंबईला जायच्या आधी ठेवायला व्यापाऱ्यांना जागा पुरत नव्हती. न धूर, न चटका, शेडला कुलूप लावून भाडं खायचं. दिनानाथांनी बराच वेळ जीपच्या टपावर बोटं वाजवली. मग म्हणाले, "एकदाच. माझ्या जबाबदारीवर."

म्हणणं सोपं, ओतणं कठीण. पितळ ही सोशिक जात. वाळूच्या साच्यात वरून ओता, धबाधबा ओता, ते आपलं निमूट जाऊन बसतं. ॲल्युमिनियमचं ब्राँझ तसं नाही. वितळलं की तापल्या दुधासारखी त्याच्यावर साय धरते. वरून ओतलं की साय फाटते, गुंडाळते, आत शिरते, की पुन्हा नवी साय. वरून पंखा सोन्यासारखा दिसतो आणि आत सायीच्या घड्या पडलेल्या असतात. चंद्रावतीने पहिला तुकडा नेहमीच्या रीतीने ओतून पाहिला. भट्टीवरच्या जगनने घण मारला, तुकडा बिस्किटासारखा दोन झाला. मोडलेल्या जागी काळी रेघ.

"झालं," हैबतराव म्हणाले. "हे आपल्या भट्टीचं काम नव्हं गो, चंद्रा."

चंद्रावती उठली. मोडका तुकडा घेऊन शेडच्या मागे जाऊन बसली. मागून खाडीचा वारा यायचा, त्याला मिठाचा वास. लहानपणी बापाबरोबर ती मिठागरात जायची. भरतीचं पाणी कोंडीत, म्हणजे मिठाच्या चौकोनी वाफ्यात, घ्यायचं असे तेव्हा बाप तिला बांधावर बसवून आधी दम भरायचा. वाफ्याची जमीन सगळ्यांनी पायाने तुडवून तुडवून गुळगुळीत केलेली असायची. पाणी वरून पडलं की चिखल उठलाच, आणि मीठ काळं झालंच. म्हणून बांधाचं तोंड तिरपं कापायचं, पाणी जमिनीला धरून आत यायला हवं. बाप म्हणायचा, पाणी चालव गो, पाडू नको. आज ते आठवलं आणि तिला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं धातू पाडत बसलो आपण.

दुसऱ्या दिवशी तिने बैलगाडीचा जुना लोखंडी आस आणवला आणि त्यावर एक चौकट जोडून घेतली. चौकटीच्या एका अंगाला धातूचं कुंड, दुसऱ्या अंगाला साचा, तोंडाला तोंड लावून. कुंडात धातू घ्यायचा, वरची साय काढून टाकायची, आणि मग अख्खी चौकटच हळूहळू कलती करायची. धातू कुठेही पडत नाही, उतारावरून चालत साच्यात जातो. जगन खाडीकाठचाच, मिठागरात वाढलेला. त्याला पुन्हा सांगावं लागलं नाही. त्याने चौकट अशी कलवली की आवाजसुद्धा आला नाही. थंड झाल्यावर घण मारला तर घण उडून परत आला. जगन हात झटकत हसला.

आता राहिला साचा. पाती पातळ, वाकडी, आतून गुळगुळीत हवीत. वाळूला ते जमणारं नव्हतं. आणि बापाचा सागवानी फर्मा इथे निरुपयोगी होता. प्रत्येक धातू थंड होताना आपापल्या मापाने आकसतो. हा धातू पितळेपेक्षा जास्त आकसतो. पितळेच्या मापाच्या फर्म्यावरून हा ओतला तर पंखा लहान येऊन ढिला होणार, पाणी मागे गळणार. फर्मा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला तसाच राहिला. जाता येता चंद्रावती त्याच्याकडे बघायची.

तिने हमरापूरहून गिरजाबाईंना बोलावलं. गिरजाबाईंचं सगळं आयुष्य मूर्तीत गेलेलं. साचा काढणं, शाडू कालवणं, हे त्यांना श्वास घेण्याइतकं सरावाचं. ठरलं असं की प्लास्टरचा दोन अंगांचा साचा करायचा, नव्या मापाचा, त्यात मेणाचा पंखा पाडायचा. मेणावर बारीक शाडूचे आणि जळक्या तुसाचे थर चढवायचे, सावलीत वाळवायचे, मग भाजायचे. मेण वितळून निघून जाईल आणि मागे पंख्याची पोकळी राहील. गिरजाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "याला सोंड नाय, डोळे नाय. याला म्हनायचं तरी काय?"

"पंखा म्हना."

"बरं. आमाला काय, जे सांगशील ते करू."

आणि केलं. पंखा ओतला, थंड झाला, मातीचं कवच फोडलं. असा पिवळाधमक, देखणा पंखा त्या शेडमध्ये कधी निघाला नव्हता. हैबतरावसुद्धा वाकून बघून गेले. मग चंद्रावतीने त्यात दांडी घातली आणि दोन पट्ट्यांच्या धारेवर तो सोडून दिला. चांगला तोललेला पंखा कुठेही थांबतो. हा हलला, फिरला, आणि एक बाजू खाली करून बसला. पुन्हा सोडला, पुन्हा तीच बाजू खाली. असा पंखा पंपात गेला तर पंप थरथरून स्वतःचंच बेअरिंग खाईल.

तिने पात्यांची जाडी मोजली. प्रत्येक वेगळं. कडा गोल झालेल्या. तिने गिरजाबाईंकडे पाहिलं.

"मेण साच्यातनं काढल्यावर काय केलंत?"

"काय म्हंजे? हात फिरवला." गिरजाबाईंनी दोन्ही अंगठे वर केले. "साच्यातनं निघालं तसं कुणी सोडतं का? कड टोचरी ऱ्हायली की टवका उडतो. मी फिरवला, सुनेनं फिरवला. हात न फिरवता मूर्त दुकानात ठेवली तर आमच्यात नाव ठेवतात, म्हनतात मेल्यांना काम नको."

चूक म्हणावी तर चूक नव्हे, उलट मायेनेच बिघडवलेलं. हमरापुरात ज्याला चांगलं काम म्हणतात तेच त्यांनी मनापासून केलं होतं. पण सगळी मेहनत गेली वाया, आणि हैबतराव मागे उभे राहून नुसते खाकरत होते. ते खाकरणं चंद्रावतीला शिवीपेक्षा झोंबलं.

"गिरजाबाई, तुमचा हात चुकला नाय," ती म्हणाली. "हात चुकीच्या जागी पडला. काय फिरवायचं ते साच्यावर फिरवा. आठ दिवस घ्या, पंधरा घ्या, साच्यावर जीव काढा. सगळी पाती एका हाताची, तुमच्याच. पन मेण निघालं की त्याला शिवायचं नाय. कुनीच नाय."

"शिवल्याशिवाय कसं ऱ्हावेल गो?" त्या खरंच अडचणीत पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाई आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या, जखमेला बांधतात तशा जाड. म्हणाल्या, सवयीचा भरवसा नाय, बांधूनच टाकले. साच्याचं काम करताना चिंध्या सोडायच्या, मेण काढताना पुन्हा बांधून घ्यायच्या. सून बाजूला बसून तोंडाला पदर लावून हसायची.

दुसरा पंखा धारेवर सोडला. फिरला आणि थांबला. पुन्हा सोडला, दुसऱ्याच जागी थांबला. चंद्रावतीने तो दहा वेळा तरी सोडून पाहिला असेल, नंतर नंतर तर नुसतं बघायला मजा येते म्हणून. दिनानाथ येऊन घेऊन गेले. जाताना त्यांनी बुंध्याकडे पाहिलं. "अक्षर नाही घातलंत?"

"पावसाळा काढूदे," ती म्हणाली. "मग बगू."

पावसाळा कसा गेला ते तिचं तिलाच ठाऊक. नवरा रोह्याच्या फेरीवरून आला की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, जसं काही पंपाची बातमी एसटी डेपोतच फुटणार होती. मधल्या काळात हैबतरावांनी दोन व्यापारी आणून शेड दाखवली. टेप लावून लांबी मोजली मेल्यांनी, आणि तीही मुशीच्या डोक्यावरून. चंद्रावतीने एकाच्या हातातली टेप काढून घेतली आणि नीट गुंडाळून त्याच्या खिशात घातली.

दिवाळी झाल्यावर दिनानाथांनी पंप उघडला. तिला मुद्दाम बोलावून घेतलं. कुंडलिकेच्या काठी ते पंपघर, ओहोटीला चिखलाचा वास. झाकण निघालं, पंखा बाहेर आला. वर हिरवट काळा थर होता. तिने लुगड्याच्या पदराने पुसला. खाली पिवळं. पात्याच्या कडेवर तिने नख दाबलं, सगळा जोर लावून दाबलं. नख मोडलं.

तिथे पंपघरात, चार कामगारांच्या देखत, ती मोठ्याने हसली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. शहाणी माणसं असती तर संपली असती. पण त्यानंतरच्याच आठवड्यात जीप पेणला आली, आणि दिनानाथ काही केल्या खाली उतरेनात. उतरले तेव्हा हातात कागद.

"बाई, पंखा उत्तम आहे. मी तसं लिहूनही पाठवलंय. पण हापिसात धातू बदलायला कमिटी बसते. वर्ष जाईल. तोवर बाकीच्या पंपांना पंखे लागणार. ऑर्डर तुमच्याच नावावर करून घेतली, मोठी आहे." त्यांनी कागद पुढे केला. "फक्त तोवर पितळ."

"आनि हे बी गेले म्हंजे?"

"यावेळी तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. मी बघतो ना."

"माजा साचा त्या धातूच्या मापाचा हाय. त्यात पितळ ओतलं तर पंखा मोठा येईल, पंपात शिरनार नाय."

"तो नको. तो जुना लाकडी फर्मा आहे ना." दिनानाथांनी भिंतीकडे बोट केलं. "त्या पंपांची कंपनी विलायतेत बुडाली. सबंध मुलखात या मापाचा तेवढा एकच फर्मा उरलाय. म्हणून तर तुमच्याकडेच येतो."

हैबतराव उठून चंद्रावतीच्या शेजारी आले. यावेळी आवाजात खोच नव्हती. "घे गो पोरी. तू जिंकलीस, मी सगळ्यांसमोर सांगतो. आता वर्षभर पितळ ओत, मग तुझंच ऱ्हाईल. कुनाचं काय जातंय?"

हे ऐकायला इतकं गोड होतं, की क्षणभर तिचा हातही कागदाकडे गेला. वर्षभराचं काम. भट्टी चालू, जगनच्या घरची चूल चालू, गोडावूनचं नाव नाही. आणि खाऱ्या पाण्याने खाल्लेले पंखे पुढच्या होळीला गोणपाटात परत, मधल्या बुंध्यावर ठसठशीत बा. हापिसात पुन्हा कुणीतरी म्हणणार, पेणचं कच्चं. साहेब बघतो म्हणतात. साहेबांची बदली झाली म्हणजे कोण बघणार?

तिने भिंतीवरचा फर्मा काढला. बापाने मोडक्या विलायती पंख्यावरून माप घेऊन, डोळ्यांत तेल घालून कोरलेला. कडा हाताळून हाताळून काळ्या झालेल्या. तिने एकदा त्या अक्षरावरून बोट फिरवलं. मग भट्टीकडे गेली, झाकण पायाने सरकवलं आणि फर्मा आत टाकला.

सागवान जुनं, तेल प्यालेलं, एकदम पेटलं. हैबतराव पुढे धावले, पण जगनने त्यांना दंडाला धरून मागे ओढलं. आत हात घालण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

चंद्रावतीला रडू येत होतं आणि तिने ते लपवलं नाही. डोळे तसेच गळत ठेवून ती दिनानाथांकडे वळली.

"आता हापिसला कळवा. पेणात पितळेचा फर्मा नाय."

दिनानाथ आगीकडे बघत होते. "नवा फर्मा करायचा म्हणजे मुंबईत कुणी..." ते स्वतःच थांबले. जुना कुरतडलेला पंखा मोजून, नव्याने माप बसवून, फर्मा करून, ओतून, तासून, त्यात कित्येक महिने गेले असते. पंप तोवर थांबणार नव्हते. "बाई, तुम्ही माझी फार पंचाईत केलीत."

"व्हय," ती म्हणाली. "आता तरी कमिटी लवकर बसल."

त्यांनी तो कागद पुन्हा वाचला. मग खिशातलं पेन काढून त्यावरचं पितळ खोडलं, वर ब्राँझ लिहिलं आणि खाली सही केली. "हे घेऊन मी स्वतः मुंबईला जातो," ते म्हणाले. "नोकरी गेली तर तुमच्याकडे चौकट कलवायला येईन."

जीप गेली. हैबतराव पाठ करून उभे होते. भावाच्या हातची शेवटची वस्तू त्यांच्या डोळ्यांदेखत जळली होती, आणि चंद्रावतीला वाटलं, आता हा माणूस आपल्याशी जन्मात बोलणार नाही. नाही तर नाही. ती मुशीवरची राख झाडायला लागली.

"चंद्रा," हैबतराव म्हणाले, तसेच पाठमोरे. "तुझ्या त्या साच्यावर दादाचं अक्षर कुठाय?"

तिने मान वर केली.

"नाय घातलं," ती म्हणाली.

"मग आता घाल."

पुढच्या पंख्यांसाठी पुन्हा आलेल्या गिरजाबाई कोपऱ्यात मेणापाशी बसल्या होत्या, अंगठे बांधलेले. त्यांनी दातांनी एका अंगठ्याची गाठ सोडली, साचा मांडीवर ओढला आणि कोरणी हातात घेतली. "कुठं काढू?"

"मधे, बुंध्यावर," चंद्रावती म्हणाली. "कडेला नको, तोल जाईल."